सोनुने सरांचं पाणी

कुणी पाण्याची बाटली पुढे केली की मी आधी ती उजेडाकडे धरून बघते. लोकांना वाटतं, बाईला स्वच्छतेचं वेड आहे. वेडबीड काही नाही. ही सोनुने सरांची खोड. त्यांच्यामुळे ती मला लागली आणि त्यांच्यावर एवढा राग असूनही सुटली नाही. माणूस मनातून उतरतो, पण त्याच्या सवयी आपल्याकडेच मुक्कामाला राहतात, हा मला मोठाच अन्याय वाटतो.

मंगरूळपीरला मी इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स करत होते तेव्हा सर आम्हाला शिकवायला होते. बुटके, काळेसावळे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि बाकीचे मास्तर जिथे पेन लावतात तिथे स्क्रू-ड्रायव्हरचा टेस्टर. मुलांची नावं त्यांच्या कधी लक्षात राहिली नाहीत. ते आम्हाला गावाच्या नावानं हाक मारत. "ए जऊळका, उठ. ए अनसिंग, झोपला का?" वर्गात आम्ही दोनच मुली. त्यातली मी किन्हीराजाची, म्हणून मी "किन्हीराजा". आपलं अख्खं गाव आपल्या डोक्यावर बसवून फळ्यापाशी जायचं म्हणजे मान जरा अवघडतच.

वर्गाच्या खिडकीत त्यांच्या काचेच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या असत. बोअरचं पाणी, विहिरीचं, नळाचं, आरओच्या जारचं, बॅटरीत घालतात ते वाफ करून धरलेलं पाणी, ट्रान्सफॉर्मरचं तेल, ट्रॅक्टरच्या रेडिएटरमधलं हिरवं कूलंट. प्रत्येकातला एक एक थेंब ते स्टीलच्या ताटलीवर ठेवत आणि ताटली उन्हात सरकवत. थेंब वाळले की म्हणत, "पाह्या, कोण मांगं काय सोडून गेलं." बोअरच्या थेंबाचं पांढरं कडं राहिलेलं असे. बॅटरीच्या पाण्याचं काहीच नसे. मग दोन तारा बरणीत बुडवून ते मीटरची सुई दाखवत. पाण्यातून वीज जाते म्हणजे काय, हे तेव्हा डोळ्यांनी बघितलं.

"पाण्यानं मशीन थंड होते, हे कोनीबी सांगन," ते म्हणत. "कोन्तं पाणी, हे ज्याले समजते तो कारागीर."

त्यांचे पाच सवाल आमच्या कोर्सच्या प्रत्येक मुलाला पाठ होते. ते वीज वाहतं का? उष्णता किती उचलतं? तांब्याशी, अॅल्युमिनियमशी त्याचं पटतं का? उन्हाळा-हिवाळा टिकतं का? आणि गळलंच, तर नुकसान काय करतं? एकदा कुणीतरी कुरकुरलं की सर, एवढं कशाला, थंड असलं म्हणजे झालं. त्यावर सर म्हणाले, "बहीण देतानी पोट्ट्याचा पगारच पाह्यतं का तू? सोभाव पाह्यतं, घरदार पाह्यतं, दारू पेते का ते पाह्यतं. तसंच हाय हे. अन् पाचही सवालात पास झालेलं स्थळ देवानं अजून घडवलंच नाई. कोन्त्या सवालात नापास झालेलं आपल्याले चालते, तेवढं आपुन ठरवा लागते."

एकदा त्यांनी बाजारातून एक जुना ट्रान्झिस्टर आणला. त्याचा स्पीकर लांब तारेनं बाहेर काढला आणि चालू रेडिओ सरळ तेलाच्या काचपेटीत बुडवला. गाणं चालूच. तेलाच्या तळाशी पडलेला तो डबा मजेत गात होता. शिपाई दारातून बघून रामराम म्हणाला. मग सरांनी रेडिओ बाहेर काढून पुसला आणि बोअरच्या पाण्यात टाकला. तो थोडा खरखरला आणि त्यानं मान टाकली.

"मंग सगळीकडं तेलच काहून नाई वापरत, सर?" मी विचारलं.

सरांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाले, "किन्हीराजा, हा सवाल मले नोकरीच्या चौथ्या वर्षी पडला होता. तुले दुसऱ्या महिन्यात पडला." मग तेलाचे अवगुण सांगितले. ते जाड, आळशी, पाण्यापेक्षा कितीतरी कमी उष्णता उचलणारं, आणि गळलं तर घसरगुंडी आणि आगीची भीती. ते मी वहीत उतरून घेतलं, पण कानात घुमत राहिलं ते आधीचंच वाक्य. त्या एका वाक्यावर मी पुढची सहा वर्षं त्या माणसाचं सगळं ऐकलं. स्तुतीला भुकेल्या पोरीला एवढं पुरतं.

कोर्स संपला तेव्हा सरही निवृत्त झाले आणि वाशीम रस्त्यावरच्या एका कारखान्यात सल्लागार म्हणून जाऊ लागले. रोटाव्हेटरची पाती, वखराच्या पासा, नांगराचे फाळ तिथे होत. तिथे नवं इंडक्शनचं मशीन आलं होतं आणि ते चालवायला सरांना मीच हवी होते. माझा बाप भाजीपाला करणारा. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. लोखंडाच्या कारखान्यात मुलगी पाठवायची म्हटल्यावर त्यानं नाही म्हटलं. एका सकाळी सर स्कूटरवर आमच्या मळ्यात आले. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसूनच बोलणं झालं.

"गुरुजी, पोट्टीची जात. तथी मानसाइत कायले पाठवू मी?"

"भाऊ, तुमच्या वाफ्याइले पाणी कोण देते?"

"हेच देते." बापानं माझ्याकडे बोट केलं.

"कोन्त्या वाफ्याले किती, हे कोण ठरवते?"

"तेबी हेच."

"मंग तथीबी हे तेच करन. अन् मी आहो न तथी. हिच्यावर काई आलं, त आधी माह्यावर येईन."

बापानं मला विचारलंसुद्धा नाही. उठून सरांना वांगी तोडून दिली. आमच्याकडे होकार असाच असतो.

मशीन कपाटाएवढं होतं. तांब्याच्या वेटोळ्यात लोखंड धरलं की आग नाही, धूर नाही, लोखंड लालभडक. पण जेवढं लोखंड तापे, तेवढंच कपाटाच्या आतलं इलेक्ट्रॉनिक्सही तापे. त्याला थंड ठेवायला तांब्याच्या चपट्या पट्ट्यांमधून पाणी खेळवलेलं. वाटा एवढ्या बारीक की क्षार साचला की बंद, आणि पाणी वीज वाहू लागलं की सगळंच धोक्यात. सरांनी तिथे बॅटरीचं शुद्ध पाणी आणि त्यात तांबं झिजू न देणारं थोडंसं औषध ठरवून दिलं. माझं काम मशीन चालवणं, आणि रोज सकाळी टाकीत मीटर बुडवून पाणी किती वीज वाहतं तो आकडा रजिस्टरच्या रकान्यात लिहिणं.

कारखान्याच्या मालकांना सगळे भाऊसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा होता. एकदा बॅटरीचं पाणी संपलं तेव्हा त्यांनी ट्रॅक्टरच्या दुकानातून हिरव्या कूलंटचा कॅन आणवला. "कूलंट म्हणजे कूलंट. माह्या ट्रॅक्टरले चालते त याले काहून नाई चालत?" सरांनी कॅन भिंतीशी नेला आणि त्यावर बसले. भाऊसाहेब ओरडले, हसले, चहा मागवला. सर कॅनवर बसूनच चहा प्यायले. म्हणाले, "तुमच्या ट्रॅक्टरात त्या पाण्याजवळ वीज खेळत नाई. इथं खेळते. शुद्ध पाणी येईपर्यंत मी काई उठत नाई." दुपारी पाणी आलं, तेव्हा ते उठले. त्या दिवशी मला वाटलं, बाप असावा तर असा. आज हे लिहिताना लाज वाटते, कारण माझा खरा बाप तेव्हा बाजारात मेथी विकत बसला होता.

मग तो मे महिना आला. पेरणीआधीचा हंगाम, पाती आणि फाळांचा ढीग पडलेला, आणि दुपार झाली की मशीनचं पाणी एवढं तापे की मशीन आपणहून बंद पडे. पाणी गार करणारं यंत्र घ्यायला भाऊसाहेब तयार नव्हते. पावसाळ्यानंतर पाहू म्हणाले. तेव्हा सरांनी रांजणाची युक्ती काढली. कुंभाराकडून कमरेएवढा रांजण आणला, निंबाच्या सावलीत ठेवला, त्याला ओलं पोतं गुंडाळलं. आत तांब्याच्या नळीचं वेटोळं. मशीनचं शुद्ध पाणी वेटोळ्याच्या आतून जाणार, रांजणातलं साधं पाणी बाहेर. दोघांची भेट नाही, फक्त गारवा इकडून तिकडे. साधी, सुंदर गोष्ट होती ती. मशीन दुपारभर चाललं.

भाऊसाहेबांनी सरांना शाल-नारळ दिला. गावातल्या पेपरवाल्यानं रांजणाशेजारी उभं करून सरांचा फोटो छापला. सरांनी ते कात्रण प्लास्टिकमध्ये बसवून घेतलं आणि शर्टाच्या खिशात ठेवू लागले. कुणीही भेटलं की टेस्टर बाजूला सारून ते बाहेर निघे. आम्ही पाठीमागे हसत होतो. सरांनाही शेवटी फोटोची हौस असते म्हणायचं!

आठ-दहा दिवसांनी ऊन आणखी चढलं. वेटोळ्याचा गारवा कमी पडू लागला आणि दुपारी दोनला मशीन पुन्हा बंद. भाऊसाहेब नुसते म्हणाले, "काय सर, रांजण थकला का?" सर त्यावर हसले नाहीत.

सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला कारखान्यात बोलावलं. आम्ही दोघंच होतो. त्यांनी वेटोळं काढलं, भिंतीशी ठेवलं, रांजणात साध्याऐवजी बॅटरीचं पाणी भरलं, आणि मशीनच्या दोन्ही नळ्या सरळ रांजणात सोडल्या. मी नळी धरून उभी होते.

"सर, माती क्षार सोडन न पाण्यात?"

"भाजलेली माती आहे. काई सोडत नाई."

"पण सर, तुमीच त सांगतलं होतं..."

"किन्हीराजा, चार दिवसाचा सवाल आहे. पाऊस आला की वेटोळं परत टाकू. भाऊसायबाले सांगू नोको, उगाच घाबरन ते."

पाणी खरंच गार झालं. मशीन दिवसभर चालू लागलं आणि भाऊसाहेब सरांच्या पाठीवर थाप मारून गेले. पण रांजण पाझरतो. पाझरतो म्हणूनच तो गार करतो. रोज पाणी कमी होई, रोज भरावं लागे. बॅटरीच्या पाण्याचे कॅन तीन दिवसांत संपले, तेव्हा सरांनी आरओचे जार आणवले. ज्या माणसानं वर्गात आरओच्या पाण्याचा डाग ताटलीवर दाखवला होता, त्याच माणसानं. माझ्या रकान्यातला आकडा रोज चढत होता. पाचव्या दिवशी तो पहिल्या दिवसाच्या कितीतरी पट झाला, तेव्हा मी रजिस्टर सरांपुढे धरलं. त्यांनी मीटरवर टिचकी मारली.

"हे मीटर बिघडलं वाटते. मी नवं आणतो. तवरोक रकाना कोरा ठेवत जाय. चुकीचा आकडा लिहिण्यापरीस कोरा बरा."

आणि मी तो कोरा ठेवला. मीटर बिघडलेलं नाही हे मला माहीत होतं, कारण मी ते घरून नेलेल्या बॅटरीच्या पाण्यात तपासलं होतं. तरी ठेवला. इथे माझी चूक आहे आणि ती मी कुणावर ढकलत नाही. नऊ दिवस नऊ घरं कोरी.

दहाव्या दिवशी दुपारी कपाटात फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि जळका वास सुटला. मशीन गेलं. बाहेर दोन ट्रॉल्या पाती पडलेली, पेरणी तोंडावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले तर रांजणात वेटोळं परत बसलेलं. नळ्या नीट जोडलेल्या, जार गायब, खालची जमीनसुद्धा झाडलेली. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, सर किती लवकर कामाला लागले! माझ्याइतकी बह्याड पोरगी आमच्या तालुक्यात दुसरी नसेल.

मशीनच्या कंपनीचा इंजिनिअर आला. त्यानं पट्ट्या उघडल्या. आत हिरवट-पांढरा चिखल. रांजण बघितला, त्यात वेटोळं बघितलं, मान डोलावली. मग ऑफिसात बसून रजिस्टर उघडलं. भाऊसाहेब, तो, सर आणि मी.

"नऊ दिवस कुणी मोजलंच नाही?" त्यानं विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सरांकडे बघितलं. माझी खात्री होती. एवढी खात्री मला माझ्या नावाचीही नव्हती. सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि म्हणाले, "मी तिले पयल्या दिवसापासून सांगून राह्यलो, रोज मोजत जाय म्हणून."

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. खरंच सांगितलं होतं त्यांनी, पहिल्या दिवशी.

"सर, तो रांजण..." मी म्हणाले.

"रांजणात वेटोळं आहे," ते इंजिनिअरला म्हणाले. "तुमी आताच पाह्यलं न?"

पुढे मी बोलू शकले असते. कोण विश्वास ठेवणार होतं, हा प्रश्न नव्हता. मी रजिस्टरमधल्या त्या नऊ कोऱ्या घरांवर बोट ठेवून बसले. केसानं गळा कापणं म्हणतात ते काय, हे मला त्या खुर्चीत कळलं. भाऊसाहेब शेवटी एवढंच बोलले, "पोरी, उद्यापासून नोको येऊ." सर तेव्हाही चष्मा पुसत होते. आमच्या धुऱ्यावर बसून जे बोलले होते, ते त्यांना आठवलं की नाही, कोण जाणे. मला आठवलं. मी ते तेव्हापासून रोज आठवते.

घरी बापानं एकच विचारलं, "गुरुजी काई बोलले नाई?"

"नाई."

"बरं," तो म्हणाला आणि जुड्या बांधत राहिला.

वर्षभर मला कुठे काम मिळालं नाही. "त्या कारखान्यात पाणी बिघडवणारी पोरगी तीच न?" एवढीच माझी ओळख होती. हळूहळू आमच्याकडच्या मालेगावात इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान टाकलं. मग दवाखान्यांतली, लेझर-कटिंगवाल्यांची पाणी गार करणारी यंत्रं येऊ लागली, आणि बरं चाललं. पण मन त्या खुर्चीतून उठेना. मला सरांकडून नोकरी नको होती, पैसे नको होते, लोकांपुढे कबुलीही नको होती. एक वाक्य हवं होतं. 'रकाना कोरा ठेवायले मीच सांगतलं होतं.' कुणी ऐकलं नसतं तरी चाललं असतं. मला एकटीला सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

मागच्या हिवाळ्यात निरोप आला की सरांना अर्धांगाचा झटका येऊन गेला, जऊळक्याला घरीच असतात, माझी आठवण काढतात. मी दुसऱ्याच दिवशी गेले. बसमध्ये मी स्वतःला बजावत होते की फार आशा धरू नको, आणि धरतच होते. माणूस आजारी पडला की खरं बोलतो, असं आपण उगाचच धरून चालतो.

घर स्टेशनपासून जवळ होतं. सर अंगणात खुर्चीवर बसलेले. डावा हात मांडीवर पडून राहिलेला, बाकी बोलणं शाबूत. मला बघून त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. लेझरच्या नळीला कोणतं पाणी वापरतेस, थंडीत त्यात काय घालतेस, शेवाळ धरतं का. मी सांगत गेले. एका ठिकाणी मी चुकले तेव्हा त्यांनी उजवा हात उचलून थांबवलं आणि बरोबर केलं. अर्धा तास आम्ही दोघं पाण्याबद्दल बोललो आणि मला चक्क बरं वाटलं. या माणसावर मी चार वर्षं जळत होते, हेच विसरायला झालं. मग सरांनी घसा खाकरला. मला वाटलं, आता.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी हळदी-कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आल्या. काकूंना मी पहिल्यांदाच बघत होते. माझी निघायची वेळ झाली असं त्यांना वाटलं असावं. प्रेमळ बाई. कुंकवाचं बोट माझ्या कपाळाजवळ आणून त्या थांबल्या, सरांकडे एक नजर टाकली आणि हळू आवाजात, अगदी आईनं समजवावं तसं म्हणाल्या, "तू आली ते लय बरं केलं व माय. तुह्या हातून ते मशीन जळालं, यायच्या नावाले बट्टा लागला, लोकं काय काय बोलले. पण यायनं तुह्यावर कधी राग नाई धरला. म्हणे, लेकरू होतं, चुकलं. यायनं तुले कवाच माफ केलं, बाई. तू मनाले लावून घेऊ नोको."

सर दोन हातांच्या अंतरावर बसलेले होते. त्यांना सगळं ऐकू आलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं आणि बघत राहिले. त्यांनी शाल गुडघ्यावर नीट ओढून घेतली.

"हिले पेरू देजो चार, जातानी," ते काकूंना म्हणाले.

काकूंचं बोट अजून माझ्या कपाळाशी थांबलेलं होतं. त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल खरंखुरं वाईट वाटणं होतं, आणि या घरात तेवढंच एक खरं होतं. ते मोडायचं बळ माझ्यात नव्हतं.

"हाव, काकू," मी म्हणाले आणि मान पुढे केली. त्यांनी कुंकू लावलं. सर झाडावरचे पेरू बघत होते.